एकाच बांधावरून

आक्षेपक : हौशी छायाचित्रणाला ऋतूंचा छंद म्हणण्याची पद्धत आहे, परंतु महाराष्ट्रात हा छंद ज्या रीतीने जोपासला जातो ती नीट पाहिली, तर ऋतू पाहण्यासाठी कॅमेरा बाळगला जातो की कॅमेऱ्याला खाद्य मिळावे म्हणून ऋतू शोधले जातात, याचा निर्णय करणे कठीण होते. वर्षाचे एक ठरीव वेळापत्रक तयार झाले आहे. मृगाच्या आगेमागे भंडारदऱ्याकडे काजवे, ज्येष्ठाच्या अखेरीस दिवे घाटातून चढणारी पालखी, भाद्रपदात कासच्या पठारावरची फुले, आणि थंडी सरता सरता भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्षी. या वेळापत्रकात शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावाचे नाव कोठेही येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. कारण शिरूर-दौंडचा हा पट्टा पर्जन्यछायेचा आहे, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यावर त्याच्या पूर्वेला जो कमी पावसाचा मुलूख उरतो त्यातला आहे, आणि तेथे धबधबा नाही, धुके क्वचित, हिरवाई चार महिन्यांची. म्हणून निमोण्याच्या माणसाला कॅमेऱ्याचा नाद लागला की तो पहिली गोष्ट करतो ती गाव सोडून निघण्याची. छंदाने दृष्टी येते असा दावा असेल, तर त्या दृष्टीला स्वतःचे शिवारच आधी दिसेनासे व्हावे, हे कसे काय?

छंदिष्ट : गाव सोडून निघणे ही नवशिक्याची अवस्था आहे, छंदाची नव्हे. नवशिक्या विषयाच्या शोधात असतो, आणि विषय दूरच असतात अशी त्याची समजूत असते. पुढे केव्हातरी त्याच्या ध्यानात येते की छायाचित्राचा खरा विषय वस्तू नसून तिच्यावर पडलेला प्रकाश आहे, आणि प्रकाशाला कोठेही जावे लागत नाही. निमोणे साधारण पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरून जाते. या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि जुलैतला तो ढगांमुळे बहुधा कोणाला कळतही नाही. उलट, २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे शाळूच्या रानात उभ्या ताटाची सावली त्या ताटाच्या उंचीच्या जवळजवळ नऊदशांश इतकी लांब पडते, पानांच्या शिरा उठून दिसतात, आणि मेमध्ये सपाट, विटलेला दिसणारा तोच माळ मार्गशीर्षात दिवसभर उंचसखल दिसत राहतो. उगवतीची जागाही जून ते डिसेंबर या काळात क्षितिजावर सुमारे ५० अंशांनी सरकते. म्हणजे एखाद्या बांधावर उभे राहून आषाढात जो सूर्य एका लिंबाच्या डाव्या अंगाला उगवताना दिसला, तो पौषात पार उजवीकडे, दुसऱ्याच कोणाच्या वस्तीमागून वर येतो. हे सगळे डोळ्यांसमोर रोज घडत असूनही नोंदले जात नाही. कॅमेरा हाती धरणाऱ्याला मात्र ते नोंदणे भाग पडते, कारण प्रकाशाची दिशा चुकली तर चित्रच फसते.

आक्षेपक : आपण सांगितले ते खरे आहे, पण ते खगोलशास्त्र आहे, आणि त्यासाठी कॅमेऱ्याची गरज आहे हे अजून सिद्ध व्हायचे आहे. ज्याला नक्षत्रांवरून पेरणी ठरवायची असते, ज्याला मे महिन्यात दुपारी कोणत्या बाजूला जनावर बांधले म्हणजे त्याला सावली मिळेल हे ठाऊक असावे लागते, त्याला सूर्याचे सरकणे छायाचित्राने शिकवावे लागत नाही. कॅमेरा त्या ज्ञानात भर घालत नाही. तो त्यातून निवड करतो, आणि त्या निवडीतच दोष आहे. मोराची चिंचोली हे याच शिरूर तालुक्यातले गाव. तेथे पावसाळ्याच्या तोंडाशी पिसारा फुलवलेल्या मोरासाठी माणसे येतात. पावसाळा संपत येतो तशी मोराची लांब पिसे झडू लागतात, आणि नवा पिसारा भरायला थंडी उलटावी लागते; म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गावकऱ्यांना बांधावर दाणे टिपताना जो मोर दिसतो तो बिनपिसाऱ्याचा असतो. वर्षातला मोठा काळ मोर असाच असतो, आणि त्या मोराचे छायाचित्र पाहिल्याचे कोणाला फारसे आठवत नाही. ऋतूंचा छंद ऋतूचा एक क्षण उचलतो आणि बाकीचा ऋतू टाकून देतो. मग जो उचलला त्यालाच ऋतू म्हणतो.

छंदिष्ट : बिनपिसाऱ्याचा मोर टिपला जात नाही हा आरोप मान्य करण्यासारखा आहे, पण तो छंदाविरुद्ध आहे की छंद अर्धवट करण्याविरुद्ध, हे पाहिले पाहिजे. ज्याला एका दिवसाची सुटी आहे त्याला पिसारा हवा असतो. ज्याचा छंद बारा महिन्यांचा आहे त्यालाच झडलेल्या पिसांचा मोर भेटण्याची शक्यता असते. थांबून पाहण्याची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा एक लहानसा चित्रपट केला होता. कॅमेरा रोपासमोर जागचा हलवायचा नाही आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत जायचे, अशी ती रीत होती. पडद्यावर ती चित्रे सलग दाखवली की बी रुजून वेल वर चढताना दिसे. तेथे प्रवास नव्हता, देखावा नव्हता, विषय घरात मावेल एवढा होता. डोळा जे सलग पाहू शकत नाही ते जोडून दाखवणे हे कॅमेऱ्याचे काम आहे. शेतकऱ्याला पीक वाढल्याचे कळते, यात शंका नाही. पण वाढ त्यालाही दिसत नाही.

आक्षेपक : फाळके यांचा वाटाणा निरुपद्रवी होता. शिवारातले सगळे विषय तसे नसतात. भीमेवरच्या उजनी धरणात बुडालेले पळसदेवचे जुने देऊळ हे उदाहरण घ्यावे. ज्या वर्षी पाणी खूप खाली जाते त्या वर्षी ते देऊळ उघडे पडते, आणि कॅमेरे घेऊन माणसे तिकडे वळतात. भेगाळलेला गाळ, त्यात उभे शिखर, मावळतीचा रंग. चित्र देखणे येते यात वाद नाही. परंतु ते देऊळ वर येणे म्हणजे कोणाच्या तरी विहिरीचा तळ दिसणे होय, कोणाच्या तरी जनावरांचा चारा संपणे होय. पावसाळ्यात हिरवाई टिपणारा निदान सर्वांच्या आनंदात सहभागी असतो. उन्हाळ्यात भेगा टिपणारा दुसऱ्याच्या टंचाईतून स्वतःची नक्षी काढून घेतो, आणि ज्याच्या रानाला भेगा पडल्या त्याला त्या चित्रात स्थान नसते, असले तर ते डोक्यावर हंडा घेतलेल्या काळ्या आकृतीचे असते.

छंदिष्ट : त्याच देवळाच्या चित्राकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. एका वर्षी काढलेले चित्र नक्षी असते. पण एकाच जागेवरून, एकाच दिशेला, दरवर्षी त्याच तिथीच्या आसपास काढलेली वीस चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर ती पाण्याच्या पातळीची नोंदवही होते. या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणतात, आणि हिमनद्या किती मागे सरकल्या हे जगाला पटवून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. घोड नदीच्या खोऱ्यात ही पद्धत किती बोलकी ठरेल याचा विचार करावा. बाजरी, मटकी आणि हुलगा यांवर गुजराण करणाऱ्या या मुलखात चिंचणीच्या घोड धरणाचे पाणी आले, पाण्यापाठोपाठ ऊस आला, कांदा आला, विहिरींवर मोटेऐवजी विजेचे पंप आले. हा बदल माणसांच्या आठवणीत आहे, महसुली कागदांत आहे. पण तो होत असताना गावाचे शिवार दिसत कसे होते, हे दाखवणारी चित्रे फारशी नाहीत. ती काढणे हे कोणाचे काम होते? सरकारचा छायाचित्रकार धरणाच्या उद्घाटनाला येतो, वृत्तपत्राचा दुष्काळाला येतो. ज्या वर्षी काहीच घडत नाही त्या वर्षाची नोंद करायला पोटासाठी छायाचित्रण करणारा येऊ शकत नाही. ती फक्त हौशी माणूस करू शकतो, कारण त्याला कोणी काम दिलेले नसते.

(येथे दोघांच्याही बोलण्यात न आलेली एक बाब नोंदवली पाहिजे. अशी चित्रे नाहीत याचे कारण उदासीनता एवढेच नाही; खर्चही आहे. अनेक मराठी घरांत शिरलेला पहिला कॅमेरा म्हणजे अ‍ॅग्फा क्लिक-थ्री, त्या पेटीवजा कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये १२ चित्रे येत, आणि रोल धुवून छापून आणण्यासाठी तालुक्याला जावे लागे. ज्याच्याजवळ १२च चित्रे आहेत तो ती लग्नाला, बारशाला आणि अंगणात उभ्या केलेल्या आजीला खर्च करणार. मोकळ्या रानाला नव्हे. त्या काळच्या कौटुंबिक संग्रहांत शेत दिसते ते माणसांच्या पाठीमागे, चुकून आलेले. आज त्या चुकून आलेल्या पार्श्वभूमीलाच सर्वांत अधिक मोल आले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.)

आक्षेपक : नोंदवहीची कल्पना आकर्षक आहे, म्हणूनच तिची परीक्षा कठोर व्हायला हवी. नोंद म्हणजे साक्ष, आणि साक्षीला काही अटी असतात. चित्राखाली तारीख हवी, जागा हवी, दिशा हवी, आणि चित्रात नंतर फेरफार झालेला नसावा. हौशी छायाचित्रकार यांतली कोणती अट पाळतो? त्याचे कौतुक प्रदर्शनात होते, आणि पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात भिंतीवर लागणाऱ्या चित्राला कोणी गट क्रमांक विचारत नाही. शिवाय, हल्लीची बहुतेक चित्रे मोबाइलवर काढली जातात, आणि मोबाइल जे दिसले ते तसेच्या तसे ठेवत नाही. तो क्षणार्धात कमीअधिक उजेडाची अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र जुळवतो, आभाळ निळे करतो, गवताचा हिरवा रंग चढवतो. पाऊस निम्मा झाला त्या वर्षाची फिकी बाजरी आणि भरघोस पावसाच्या वर्षाची काळीभोर बाजरी ही दोन्ही त्या यंत्रातून सारखीच टवटवीत बाहेर पडणार असतील, तर वीस वर्षांची चित्रे शेजारी मांडून काय सिद्ध होईल? साक्षीदाराला आधीच सुंदर बोलायला शिकवून ठेवले आहे.

छंदिष्ट : यंत्राचा हा हस्तक्षेप खरा आहे, पण त्यातून सुटण्याचे मार्गही आहेत. कॅमेऱ्यात, आणि आता पुष्कळ मोबाइलमध्येही, कच्ची प्रतिमा साठवण्याची सोय असते. म्हणजे संवेदकावर जेवढा प्रकाश पडला तेवढ्याची, रंग न चढवलेली नोंद. तीही पूर्ण निर्मळ नसते, पण तिच्यावर काय संस्कार केले हे सांगता येते. राहिला प्रश्न हौशी माणूस अटी पाळतो का हा. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पुढे होते. ते पेशाने वैद्य होते, आणि मुंबईतल्या निरनिराळ्या जमातींच्या व धंद्यांच्या लोकांची त्यांनी घेतलेली चित्रे त्या काळी वाखाणली गेली. म्हणजे या प्रांतात छायाचित्रणाची सुरुवात करणाऱ्यांत ज्यांचे पोट या कलेवर नव्हते अशी माणसे होती, आणि शिस्त त्यांना परकी नव्हती. हौस आणि शिस्त यांचे वैर आहे, हे गृहीतच तपासले पाहिजे.

आक्षेपक : शिस्तीचा प्रश्न केवळ तारीख लिहिण्याचा नाही, तो थांबण्याचाही आहे. काजव्याचा प्रकाश हा नरमादीचा एकमेकांना दिलेला संकेत असतो, आणि त्या अंधारात विजेऱ्या घेऊन शिरणारी गर्दी तो संकेतच पुसून टाकते. भिगवणला बसलेल्या रोहितांपेक्षा उडालेल्या रोहितांचे चित्र अधिक उठावदार येते, कारण पंखांखालचा गुलाबी-लाल रंग उडतानाच दिसतो. म्हणून होडी थव्याच्या अंगावर नेण्याचा आग्रह धरला जातो, आणि दूरवरून आलेल्या पक्ष्याला चरायचे सोडून उठावे लागते. ही झाली प्रवासातली उदाहरणे. घरची त्याहून गंभीर आहे. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या राहतो, त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, मुलेही दगावली आहेत. छायाचित्रकार ज्या वेळेला सोनेरी तास म्हणतो, म्हणजे सूर्य क्षितिजालगत असताना मिळणारा तो मऊ तिरपा उजेड, तीच वेळ या गावांत मुलांना घरात घेण्याची आहे. आणि ऊसतोड सुरू झाली की फडात कधी बछडी सापडतात. ती होती त्या ठिकाणीच ठेवली आणि माणसे दूर राहिली, तर रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाण्याची शक्यता असते. पण तोवर हातात मोबाइल घेतलेला घोळका भोवती जमलेला असतो. त्या चित्राने ऋतूची कोणती नोंद होते?

छंदिष्ट : कोणतीच नाही, आणि ते चित्र न काढणे हेच त्या जागी छायाचित्रकाराचे काम आहे. याबाबतीत बचाव करण्यासारखे काही नाही. फक्त एवढे म्हणता येईल की चित्रासाठी पाखरू उठवायचे नाही हा नियम बहुधा त्यालाच सुचतो, ज्याने ते पाखरू अनेक दिवस बसलेले पाहिले आहे. आणि हे अनेक दिवस घराजवळच मिळतात. पण त्यावरून प्रवास त्याज्य ठरत नाही. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते, यवतला आणि वरवंडला मुक्काम करते, पुढे रोटी घाट चढते. दिवे घाटातल्या ज्ञानोबांच्या पालखीची चित्रे पाहून पाहून डोळ्यांत इतकी ठसलेली असतात की तेथे उभा राहणारा नकळत तेच चित्र पुन्हा काढतो. रोटी घाटाचे असे ठसलेले चित्र नाही, म्हणून तेथे पाहावे लागते. निमोण्याचा माणूस दीड-दोन तासांवरच्या त्या घाटात उभा राहिला, तर तो प्रवासीही असतो आणि घरचाही असतो; ज्वारीची पेर होण्याआधीचे ते उघडे माळ त्याच्या ओळखीचे असतात, वारी मात्र पुढे चाललेली असते. परत आल्यावर त्याला स्वतःच्या गावातली एखादी दिंडी, भाद्रपदातला बैलपोळा, चैत्रातली जत्रा वेगळी दिसते. बाहेर जाऊन आल्यावाचून घरच्या गोष्टींतले विशेष कोणते आणि सार्वत्रिक कोणते, हे कळत नाही.

आक्षेपक : प्रवासाचे हे समर्थन पटण्यासारखे आहे, आणि त्याने आक्षेपाची जागा बदलते. आता प्रश्न असा की ऋतूंची चित्रे आज नक्की काढतो कोण. माघात एखाद्या शेतकऱ्याला कांद्याच्या पातीवर लांबट, पांढुरके, किंचित खोलगट ठिपके दिसतात, त्यांच्या मध्याला जांभळट छटा असते. तो जांभळा करपा असावा असा त्याचा अंदाज असतो. तो ती पात उपटत नाही, मागे स्वतःचा तळहात धरतो म्हणजे हिरव्यात हिरवे मिसळणार नाही, ऊन पाठीवर घेतो म्हणजे पात चकाकणार नाही, मोबाइल इतका जवळ नेतो की ठिपक्याची कड स्पष्ट यावी, आणि ते चित्र तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात पाठवतो. प्रकाश, पार्श्वभूमी आणि अंतर या तिन्हींचा त्याने विचार केला आहे. चित्रावर तारीख आहे, जागा त्याला ठाऊक आहे. पहिल्या पावसात भरलेला ओढा, गारपिटीने आडवा झालेला गहू, चाळीत सडलेला कांदा, खळ्यावरची रास, हे सगळे त्याच्याच मोबाइलात असते. साक्षीच्या अटी तो हौशी छायाचित्रकारापेक्षा अधिक पाळतो, आणि स्वतःला छायाचित्रकार म्हणवीतही नाही. असे असेल तर ऋतूंच्या नोंदीसाठी या छंदाची गरजच काय उरली?

छंदिष्ट : त्या चित्राइतके प्रामाणिक चित्र कोणत्याही प्रदर्शनात सापडणार नाही, हे खरे. पण औषध मिळाले, फवारणी झाली, की ते चित्र संपते. मोबाइल भरला की पहिल्यांदा तेच पुसले जाते, आणि लग्नाची चित्रे राहतात. रोलच्या काळी जी निवड चित्र काढताना होत होती ती आता पुसताना होते, एवढाच फरक पडला आहे. हौशी माणसाचे वेगळेपण काढण्यात नसून ठेवण्यात आहे, काढलेले पुन्हा पाहण्यात आहे, आणि ज्या चित्राचा आज कोणालाच उपयोग नाही ते जपण्यात आहे. गेल्या वर्षीचा श्रावण आणि यंदाचा श्रावण शेजारी ठेवून पाहणारा कोणीतरी गावात असणे ही लहान गोष्ट नाही, कारण या मुलखात श्रावण दरवर्षी सारखा येत नाही.

आक्षेपक : मग अखेरचा आक्षेप त्या बांधाबद्दलच घ्यावा लागतो. एकाच बांधावरून, एकाच दिशेला, दरवर्षी चित्र घ्यायचे असे ठरले. समोर माळ आहे, पलीकडे नदीकाठची झाडे आहेत. एका वर्षी समोरच्या रानात ऊस लागतो, आणि तो माणसाच्या दुप्पट उंच होतो. आता तेथून ना माळ दिसतो, ना झाडे, ना उगवती. दिसते ती पाचटाची भिंत. नोंदवहीचा नियम सांगतो की जागा सोडायची नाही. छंद सांगतो की दहा पावले सरकले तर पुन्हा सगळे दिसेल. कोणाचे ऐकायचे?

छंदिष्ट : भिंतीचेच चित्र घ्यायचे. ऊस आला, हीच त्या वर्षाची बातमी आहे.

आक्षेपक : पहिल्या वर्षी ती बातमी असेल. पण लागण तुटली की खोडवा येतो, खोडव्यानंतर पुन्हा लागण येते, आणि ती भिंत वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. भिंत टिपत राहिले तर हाती साक्ष येते, पण ज्या आनंदासाठी कॅमेरा घेतला तो त्यात उरत नाही. आणि ज्या कामात आनंद नाही ते करण्याची सक्ती हौशी माणसावर कोणीच करू शकत नाही. तो हौशी आहे म्हणूनच त्याला सामान्य वर्षाची नोंद करता येते, असे आपणच म्हणाला होता. त्याच कारणाने त्याला ती कोणत्याही वर्षी सोडून देता येते.

छंदिष्ट : सोडून देता येते, हे नाकारता येणार नाही. पण दहा पावले सरकून घेतलेल्या चित्राखाली सरकल्याचे कारण लिहिले, तर ती नोंद मोडते की पुरी होते, हे आज दोघांपैकी कोणालाही सांगता येणार नाही. वीस वर्षांनी ती चित्रे हाती घेणारा जो कोणी असेल, त्याला माळ हवा असेल की ऊस, यावर ते ठरेल. तोवर दोन्ही घ्यावीत, एक नियमासाठी आणि एक आवडीसाठी, आणि कोणते कशासाठी घेतले ते लिहून ठेवावे.

आक्षेपक : आणि दोन्ही घेण्याइतका उजेड नसेल त्या दिवशी?

छंदिष्ट : त्या दिवशी कोणते घेतले जाईल, हे त्या माणसाच्या त्या वर्षीच्या मनावर अवलंबून राहील, आणि ते वर्षागणिक बदलत गेले, तर तेही त्याच वहीत दिसेल.